शिक्षकाच्या तागडीचा पासंग: ख्रिस्ती नजरेतून वर्गातला न्याय

निकालाचे दिवस आले की शाळेच्या व्हरांड्यात एक वाद हमखास ऐकू येतो. "बाई, तिला अठरा, मग मला सोळाच का?" शिक्षक ख्रिस्ती असेल किंवा शाळा मिशनची असेल, तर या वादाला आणखी एक पदर असतो. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, न्यायाबद्दल भरपूर बोलतं. पण वरवर वाचणाऱ्याला ते दोन तोंडांनी बोलतंय असं वाटतं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (२५:१३-१६) बजावलं आहे की थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नका. उलट मत्तयाच्या शुभवर्तमानात (२०:१-१६) येशूने सांगितलेल्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून राबलेल्या मजुराला आणि शेवटचा तासभर काम केलेल्या मजुराला सारखीच मजुरी देतो.

शिक्षकाने यातलं काय घ्यायचं? पहिलं घेतलं तर तो काटेकोर कारकून होतो. दुसरं घेतलं तर सगळ्यांनाच विसापैकी वीस द्यावे लागतील.

ही गाठ सुटते ती एका प्रश्नाने: या क्षणी शिक्षक मोजतोय, की वाटतोय? गुण मोजायचे असतात. वेळ, लक्ष आणि संधी वाटायची असते. मोजताना तागडीचा नियम, वाटताना मळ्याचा. वर्गातले बरेचसे अन्याय या दोहोंची अदलाबदल झाल्यामुळे होतात: कळवळा येऊन गुण वाटले जातात आणि शिस्तीच्या नावाखाली वेळ मात्र मोजूनमापून दिला जातो.

मोजणं: आधी रिकामी तागडी उचलून बघा

जुन्या इस्राएलात नाणी रूढ होण्याआधी चांदी तोलून व्यवहार चाले. वजनं दगडाची असत. यरुशलेमच्या आसपासच्या उत्खननात चुनखडीची, वरून घुमटासारखी गोल अशी वजनं सापडली आहेत. एक शेकेल साधारण ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. घ्यायला जड दगड आणि द्यायला हलका, अशी लबाडी त्यात सोपी होती. गिऱ्हाइकाला ती दिसतही नसे.

लबाडीपेक्षा जास्त सर्रास आढळणारी गोष्ट वेगळीच आहे. तिला मराठीत नेमका शब्द आहे: पासंग. दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक बाजू खाली झुकते, तो पासंग. दोरी भिजते, पारड्याला गूळ चिकटून राहतो, दांडी किंचित वाकते. यात दुकानदाराची नियत वाईट असण्याची गरज नाही. पण तोलण्याआधी रिकामी तागडी उचलून बघायची तसदी त्याने घेतली नाही, तर गिऱ्हाइकाचं नुकसान व्हायचं ते होतंच.

शिक्षकाचं बहुधा असंच होतं. तो पक्षपाती नसतो, पारड्याला गूळ चिकटलेला असतो. लेवीय १९:१५ मध्ये न्याय करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आवरलं आहे: गरिबाची भीड धरू नको आणि थोरामोठ्याचीही नको. दुसरा अर्धा भाग सगळ्यांना पटतो. पहिला वाचून लोक थबकतात, आणि खरं सांगायचं तर चांगल्या शिक्षकाचा पासंग बहुतेक वेळा त्याच बाजूला असतो.

पेपरांचा गठ्ठा: गूळ कुठे चिकटतो

हुशार म्हणून ओळख असलेल्या मुलाचं अर्धवट उत्तरही पूर्ण वाटतं. एका गुणाची झळाळी बाकी सगळ्यावर पसरण्याच्या या प्रकाराला मानसशास्त्रात तेजोवलय परिणाम म्हणतात. एखादा उत्कृष्ट पेपर तपासून झाला की त्यानंतरचा बरा पेपर सुमार वाटतो. पहिले दहा पेपर कडक तपासले जातात, तिसावा पेपर येईपर्यंत हात सैल पडतो. कधी याच्या उलटही होतं. सुंदर अक्षर हा आणखी एक गूळ. आणि आपल्याकडे आडनाव वाचलं की जात, धर्म, घरची परिस्थिती असं बरंच काही आपोआप वाचलं जातं.

यावर उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. वर्गात ४० मुलं आहेत असं धरा.

तपासायला बसण्याआधी प्रत्येक प्रश्नाचं आदर्श उत्तर कागदावर लिहा आणि गुणांची फोड करा. पाच गुणांचा प्रश्न असेल, 'पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठ्यांचा पराभव का झाला?', तर तीन कारणांना प्रत्येकी एक गुण, त्या कारणांचा पराभवाशी संबंध दाखवण्याला एक आणि मांडणीला एक, असं आधीच ठरवून टाका. मग गठ्ठ्यातून कोणतेही पाच पेपर काढा आणि हातात पेन न घेता नुसते वाचा. मुलांनी प्रश्नाचा भलताच अर्थ घेतलेला असेल तर तो इथेच कळतो. अशा वेळी मुलांना दोष देण्याआधी प्रश्न पुन्हा वाचून पाहावा.

आता पहिल्या पानाची घडी घालून नावं झाका. सगळ्या चाळीस पेपरांचा फक्त पहिला प्रश्न तपासा. गठ्ठा पत्त्यांसारखा पिसा आणि मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळा. गुण आतल्या पानावरच लिहा. बेरीज सगळ्यात शेवटी. आधीच्या प्रश्नाचे गुण डोळ्यांसमोर राहिले की पुढच्या उत्तराला त्यांचीच चव लागते. वीसेक पेपरांनंतर उठून पाणी प्या. एक प्रश्न पूर्ण झाला की सुरुवातीला तपासलेले पाच पेपर, आधीचे गुण झाकून, पुन्हा तपासा. पाचपैकी अर्ध्या गुणापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर तो प्रश्न पहिल्यापासून घ्या. हे जिवावर येतं, कबूल. पण एकच आदर्श उत्तर डोक्यात ठेवून तपासल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नापासून वेग वाढतो आणि आधी गेलेला बराच वेळ भरून निघतो.

यातही दोन भोकं राहतात. जूनपासून शिकवणाऱ्याला अक्षरावरूनच मूल ओळखू येतं, मग नाव झाकून उपयोग काय? शाळेत दोन तुकड्या असतील तर अ तुकडीचा गठ्ठा ब तुकडीच्या शिक्षकाने तपासावा. दुसरं भोक जास्त मोठं आहे: सत्ताविसाव्या पेपरात एखादी मुलगी आदर्श उत्तरात नसलेलं, पण बरोबर कारण लिहिते. तिला गुण द्यायलाच हवेत. पण मग आधीचे सव्वीस पेपर पुन्हा चाळावे लागतात, कारण हेच कारण लिहिणाऱ्या आणखी कुणाच्या उत्तरावर आपण आधीच काट मारलेली असू शकते. बहुतेक गळती इथे होते. तिसाव्या मुलाला मिळालेली सूट तिसऱ्याला मिळत नाही, आणि दोघांनाही ते कधी कळत नाही.

गणिताचं एका वाक्यात: पहिल्या पायरीतली चूक पुढे वाहत गेली असेल तर गुण एकदाच कापावेत, प्रत्येक पायरीला नव्हे.

विसापैकी वीस: अडकलेला काटा

महाराष्ट्रात दहावीला भाषेसारख्या विषयांत ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात असतात. हे २० गुण कसे दिले जातात ते सगळ्यांना माहीत आहे. सगळा वर्ग एकोणीस आणि वीसमध्ये असेल तर त्याला उदारपणा म्हणता येत नाही. तो काटा एका आकड्यावर अडकला आहे. खरोखर चांगलं बोलणाऱ्या मुलीचं श्रेय अशाने न बोलणाऱ्याच्या पदरात पडतं आणि ते आपलं गेलं हे तिला कळतही नाही.

तोंडी परीक्षेला आशय, उच्चार, शब्दसंपत्ती आणि प्रश्नाला दिलेलं उत्तर असे चार भाग करून प्रत्येकी पाच गुण ठेवावेत, प्रश्न चिठ्ठ्यांतून काढावेत, आणि जमेल तिथे दोन शिक्षकांनी वेगवेगळे गुण देऊन मग सरासरी घ्यावी. "बाकीच्या शाळा सैल सोडतात, मग आमच्याच मुलांनी का भोगावं?" हा आक्षेप खोटा नाही. एकट्या शाळेने काटा सरळ केला तर तिच्या मुलांचं अकरावीच्या प्रवेशात नुकसान होऊ शकतं. म्हणून हे काम तालुक्यातल्या शाळांनी मिळून करण्याचं आहे. एकट्या शिक्षकाच्या हातात एवढंच उरतं की निदान आपल्या वर्गातला क्रम खरा ठेवावा.

"दोन गुणांनी नापास होणाऱ्याला ढकलायचंही नाही?"

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. बोर्डाचे सवलतीचे गुण हा जाहीर नियम आहे. ठरावीक अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो लागू होतो. तो मापाचाच भाग झाला. एका शिक्षकाने एका मुलाची कहाणी माहीत आहे म्हणून पेपरात दोन गुण घुसवणं हा मात्र दुसरा दगड आहे. तितकीच वाईट कहाणी असलेला, पण ती न सांगणारा मुलगा शेजारच्या बाकावर असू शकतो. बोलक्याचं दुःख गुण मिळवतं आणि मुक्याचं तसंच राहतं.

दयेला जागा आहे, फक्त गुणांचा रकाना ही ती जागा नव्हे. वडील वारले म्हणून मुलाचा अभ्यास बुडाला असेल तर पुन्हा परीक्षा घ्या, ती देण्याआधी आठवडाभर त्याला शिकवा, फीची मुदत वाढवून द्या, घरी जाऊन या. हे सगळं गुण वाढवण्यापेक्षा महाग आहे. शिक्षकाचा हात आधी गुणांकडे जातो तो त्यामुळेच. शिवाय फुगवलेल्या आकड्याचा भुर्दंड पुढे त्याच मुलाला भरावा लागतो. अपूर्णांक न येता पुढच्या वर्गात गेलेलं मूल बीजगणितात अडतं आणि आपणच मठ्ठ आहोत असं समजून बसतं.

"मग दिव्यांग मुलाला जादा वेळ, हे खोटं वजन नाही का?"

हा प्रश्न पालकसभेत येतोच, आणि तो विचारणारा दुष्ट नसतो. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पात्र दिव्यांग परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात. तीन तासांच्या पेपराला एक तास. एकाला तीन तास आणि दुसऱ्याला चार, हे दोन दगड झाले नाहीत का?

नाही झाले, कारण इतिहासाच्या पेपरात वाचण्याचा किंवा लिहिण्याचा वेग मोजायचा नसतो. इतिहास मोजायचा असतो. हळू वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत तागडी रिकामी असतानाच एका बाजूला झुकलेली असते. जादा वेळ म्हणजे तो पासंग काढणं. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही.

म्हणून प्रत्येक सवलतीच्या वेळी विचारावं की या परीक्षेत नेमकं काय मोजायचं आहे. वाचन-लेखनाची अक्षमता असलेल्या मुलाचे भूगोलाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापू नयेत. शुद्धलेखनाच्या चाचणीत मात्र ऱ्हस्व-दीर्घच मोजायचं असतं. तिथे लिहिलेलं सोडून देण्यापेक्षा त्या मुलासाठी दुसरी चाचणी ठरवणं बरं.

वाटणं: द्राक्षमळ्याचा हिशेब

आता मळ्याकडे. दाखल्यातला धनी पहाटे मजूर आणतो, मग नवाच्या सुमारास, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. शहरातल्या मजूर नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. पाच वाजेपर्यंत का थांबलात, असं विचारल्यावर शेवटचे मजूर म्हणतात, आम्हांला कुणी कामावर लावलंच नाही. आळशी म्हणून ते मागे राहिलेले नव्हते. आणि ठरलेला दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरची त्या रात्रीची भाकरी. तासाच्या हिशेबाने बारावा भाग दिला असता तर गणित बरोबर आलं असतं आणि पोरं उपाशी झोपली असती.

वर्गातली ही भाकरी म्हणजे गुण नव्हेत. ती म्हणजे वाचता येणं, हिशेब जमणं, आपल्या मनातलं चार ओळींत लिहिता येणं. ती उशिरा आलेल्यालाही अख्खीच लागते. बाराव्या भागाची अक्षरओळख काही कामाची नसते.

बीडसारख्या जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची मुलं बघा. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याच्या फडावर जातं आणि परततं ते मार्च-एप्रिलमध्ये. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर मूल मागे राहू शकतं, नाहीतर वर्षाचा मोठा तुकडा जातो. हे पाच वाजता आलेले मजूर. अनेक वर्गांत त्यांच्याशी काय होतं? "आधी वही पूर्ण कर." चार महिन्यांचा मजकूर शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवण्यात त्यांचे पंधरा दिवस जातात. वही भरते आणि तपासणीत नीटनेटकी दिसते, मूल मात्र होतं तिथेच राहतं.

त्याऐवजी पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला दहा मिनिटं द्यावीत: अक्षरं, साधे शब्द, चार-पाच ओळींचा उतारा, मग छोटी गोष्ट. जिथे अडतं तिथून सुरुवात. इयत्ता विसरून पातळीनुसार पाच-सहा मुलांचे गट करावेत आणि रोज अर्धा तास, शक्यतो परिपाठाआधी, फक्त वाचन घ्यावं. आठवड्यातून एकदा पातळी पुन्हा बघावी आणि पुढे गेलेल्या मुलाला लगेच वरच्या गटात हलवावं. ही शेवटची गोष्ट राहून जाते. मग तो 'ढ मुलांचा गट' होतो आणि त्यातून कुणी बाहेर पडत नाही.

"आणि आमच्या मुलाचं काय?"

हुशार मुलाच्या पालकांचा हा प्रश्न म्हणजे पहाटेच्या मजुरांची कुरकुर, असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. धन्याचं त्यांना दिलेलं उत्तर नीट वाचावं: मी तुझ्यावर अन्याय करत नाही, आपलं एका दिनाराचं ठरलं नव्हतं का? म्हणजे त्याचा ठरलेला दिनार त्याला पूर्ण मिळालेला आहे. उशिरा आलेल्यांना दिलेलं धन्याच्या खिशातून गेलं, आधी आलेल्यांच्या मजुरीतून नाही. मळ्याच्या नियमाला ही अट जोडलेलीच आहे आणि शिक्षकांकडून नेमकी तीच निसटते. मागे राहिलेल्यांसाठी वेळ काढायचा असेल तर तो पुढच्यांच्या तासातून कापू नये. हुशार मुलांना वर्षभर फुकटचे शिकवणी-मास्तर करून टाकणं हीसुद्धा मजुरी बुडवणंच.

येशूच्या आणखी एका दाखल्यातला, हरवलेल्या एका मेंढरासाठी नव्व्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ प्रवचनात फार गोड वाटतो. सातवी ब एकटी सोडून गेलेल्या शिक्षकाला परत आल्यावर काय दिसतं, ते इथे सांगायला नको. एका शिक्षकामागे प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलं हे शिक्षण हक्क कायद्यातलं प्रमाण पाळलं जाणं, ही या दाखल्याची व्यवहारातली पूर्वअट आहे.

तासातलं लक्ष कुणाकडे जातं

वेळ वाटायचा तर तो सध्या कुठे जातो हे आधी माहीत हवं. वर्गाचा बैठक-नकाशा काढा आणि आठवडाभर रोज एका तासाला, कुणाला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ मारा. रेघा दुसऱ्या कुणीतरी माराव्यात. स्वतः मारणारा नकळत सुधारतो. पुढचे दोन बाक आणि मधली रांग भरलेली, खिडकीकडची कोरी, असं चित्र बहुधा निघतं. मग नावं लिहिलेल्या आइस्क्रीमच्या काड्या डब्यात ठेवून काडी काढून प्रश्न विचारणं हा स्वस्त उपाय आहे. विचारलेली काडी पुन्हा डब्यात टाकावी, नाहीतर सुटलेलं मूल उरलेला तास निवांत होतं.

प्रश्न विचारल्यावर किती थांबतो हेही मोजावं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गातली संभाषणं ध्वनिमुद्रित करून दाखवलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांच्यासाठी शिक्षक थांबतातही कमी, हेही त्यांना आढळलं. तीन सेकंद मनात मोजून बघा, वर्गात ते फार लांब वाटतात.

शिक्षा करताना

नीतिसूत्रे १८:१७ सांगतं की पहिल्यांदा बाजू मांडणारा खराच वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. मधल्या सुट्टीतल्या मारामारीला याहून नेमका नियम नाही. दोघांना वेगवेगळं बसवा, दोघांनाही आधी लिहायला सांगा, मग बोलू द्या. अनुवाद १९:१५ मध्ये एकाच साक्षीदारावर कुणालाही दोषी ठरवायला मनाई आहे. मॉनिटरने फळ्यावर लिहिलेली नावं हीच साक्ष मानून छड्या मारणारे शिक्षक एके काळी कमी नव्हते. आता शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे.

एकाने शिट्टी मारली म्हणून सगळा वर्ग उभा, ही शिक्षाही शास्त्रात बसत नाही. निर्दोषाला दोषीबरोबर भरडणं योग्य आहे का, असा वाद अब्राहाम थेट देवाशीच घालतो (उत्पत्ति १८). आणि यहेज्केल १८:२० म्हणतं की बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. थकलेल्या फीसाठी मुलाला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या ख्रिस्ती शाळेने हे वचन कार्यालयातल्या भिंतीवर लावावं.

भेटवस्तू आणि शिकवणीबद्दल फार बोलायला नको. अनुवाद १६:१९ प्रमाणे लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते. इथे शब्द शहाण्याचे असा आहे, लबाडाचे असा नाही. आपल्याच वर्गातल्या मुलांची खाजगी शिकवणी घेणाऱ्याला आपला पासंग दिसणं अवघड आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाईच करतं.

"मिशनच्या शाळेत ख्रिस्ती मुलांना झुकतं माप मिळतं"

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय चक्क बैठकव्यवस्थेबद्दल आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला येतो तेव्हा त्याला "इथे बसा", आणि मळक्या कपड्यांतल्याला "तू तिथे उभा राहा". असं करणारा पक्षपाती ठरतो. कुणाला कुठे बसवायचं हा प्रश्न आपल्या शाळांना नवा नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा बाकीची मुलं निघून जातील या भीतीने मुंबई सरकारने नकार दिला होता. मिशनच्या शाळांवरचा अविश्वासही जुना आहे: १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यावर गहजब झाला आणि अनेक पालकांनी मुलं काढून घेतली. म्हणून आक्षेप घेणाऱ्याला उत्तर देताना दुखावल्याचा आव आणू नये. नियम सांगावेत.

प्रवेश आणि गुण वेगळे ठेवा. संविधानाच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवता येतात, आणि अकरावीला अल्पसंख्याक कोट्यातून काही जागा त्या समाजासाठी असतात. हे दारापर्यंतचं झालं. दाराच्या आत ख्रिस्ती मुलाचा पेपर आणि इतरांचा पेपर एकाच दगडाने तोलायचा. प्रार्थनेचंही तसंच. कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही, अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ही संमती प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात घेण्याऐवजी वेगळ्या कागदावर घ्यावी, आणि नको म्हणणाऱ्या मुलाला त्या वेळेत ग्रंथालयात बसायची सोय असावी. शिक्षा झाल्यासारखं व्हरांड्यात उभं करून नव्हे.

बातम्यांत आलेला एक मुद्दा इथेच येतो. शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांच्या तरतुदीसह तो कायदाच अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनही गेलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात, दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठाचा विचार व्हावा म्हणून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयात काय ठरायचं ते ठरो. पण कायद्याने सूट दिली म्हणून याकोबानेही दिली, असं होत नाही. गरिबाच्या मुलाला एकही बाक न ठेवणाऱ्या ख्रिस्ती शाळेला पहिला जाब याकोबच विचारतो.

"हे तर कुठल्याही चांगल्या शिक्षकाला लागू आहे. यात ख्रिस्ती ते काय?"

पद्धतीत फारसं काही नाही, आणि तसा दावा करूही नये. गठ्ठा पिसायला बाप्तिस्मा लागत नाही.

फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला, शिक्षक स्वतःला कुठे ठेवतो यात. याकोब ३:१ सांगतं की फार जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. मत्तय ७:२ म्हणतं, ज्या मापाने तुम्ही मापता त्याच मापाने तुम्हांला मापलं जाईल. म्हणजे तागडी हातात धरणारा स्वतःही दुसऱ्या एका तागडीत बसलेला आहे.

दुसरा फरक शाबासकीत. मत्तय २५ मधल्या दाखल्यात धनी प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे एकाला पाच तालांत (त्या काळचं पैशाचं मोठं माप) देतो, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी काय म्हणतो ते २१ वी आणि २३ वी ओवी शेजारी ठेवून वाचा: शब्द जवळपास अक्षरशः तेच आहेत. दहा आणि चार यांतला फरक कुणी लपवलेला नाही, हिशेबात तो तसाच आहे. शाबासकी मात्र सारखी. वर्गात हे असं उतरतं: पेपरावर ४ च्या जागी ४ च लिहा. पण गेल्या वेळी दोन मिळवणाऱ्या मुलाच्या वहीत, नेमकं काय सुधारलं ते सांगणारी एक ओळ लिहा, आणि नव्वदवाल्याला देता त्याच आवाजात वर्गासमोर शाबासकी द्या. नुसतं 'छान प्रगती' पुरत नाही. 'या वेळी तिन्ही कारणं दिलीस, आता त्यांचा एकमेकांशी संबंध जोड' असं काहीतरी हवं.

आणि बेरीज चुकली तर? जक्कय नावाच्या जकातदाराने (लूक १९:८) फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हटलं. शिक्षकाने चौपट गुण देऊ नयेत, पण चूक वर्गात मोठ्याने कबूल करावी. कमी पडलेले गुण लगेच वाढवावेत, आणि तीच चूक आणखी कुणाच्या पेपरात झाली आहे का ते सगळा गठ्ठा काढून बघावं. जास्त पडलेले गुण एखादा मुलगा स्वतःहून दाखवायला आला तर पेच पडतो. बरेच शिक्षक प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून ते गुण राहू देतात. तसं केलं की त्या रकान्यात इतिहासही मोजला जातो आणि खरेपणाही, आणि मग तो दोहोंपैकी कशाचाच राहत नाही. गुण कमी करावेत; त्याच्या खरेपणाबद्दल त्याच्या देखत त्याच्या घरी फोन करावा.